एका तासात तीन वेळा

"निमकरबाई, तुमच्या कॉम्प्युटरनं चोर पकडला बघा!"

कडोलीकर साहेबांनी तो लांबलचक कागद माझ्या टेबलावर पसरला. दोन्ही कडांना भोकं असलेला, छापताना कर्रकर्र वाजणारा. त्यावर एका आकड्याभोवती त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं इतके गोल काढले होते, की कागद फाटायच्या बेतात होता. आकडा होता ४१७.

"एकसष्ट वेळा," ते म्हणाले. "एका महिन्यात एकसष्ट वेळा! दोन नंबरला कोण आहे माहीतंय? सहा वेळा. आता बोला."

मी काय बोलणार? खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. हे आज लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातली. कुपवाडच्या एमआयडीसीत आमची कंपनी होती. व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवायची. मी तिथल्या कॉम्प्युटर खात्यात. खातं म्हणजे एक थंड खोली, दोन टर्मिनल, एक प्रिंटर आणि मी. चौदा वर्षं मी पगाराची बिलं आणि स्टॉकच्या याद्या छापत आले होते. कंपनीत बुद्धीचं असं काम माझ्याकडे पहिल्यांदाच आलं होतं, ते या कडोलीकरांनी आणलं. ते पर्सोनेलचे साहेब, म्हणजे माणसांना घेणारे आणि काढणारे.

फेब्रुवारीत गवगवा झाला होता, की तांब्याची तार कमी भरते. चोरी होते. कडोलीकरांनी मुंबईला जाऊन एक यंत्र आणलं आणि बायकांच्या हॉलच्या दाराला बसवलं. त्या हॉलमध्ये अठ्ठेचाळीस बायका कॉइल गुंडाळायच्या, तपासायच्या, खोक्यात भरायच्या. प्रत्येकीच्या गळ्यात एक कार्ड, त्याच्या पाठीवर काळी पट्टी. बाहेर जायचं तर कार्ड यंत्राच्या फटीतून ओढायचं, मग दार उघडायचं. आत येताना काही नको, दार नुसतं ढकललं की झालं. सकाळ-संध्याकाळी आणि जेवणाच्या सुट्टीत जमादार दार उघडंच ठेवायचा. बाकीच्या वेळी कोण किती वाजून किती मिनिटांनी बाहेर पडलं, ते यंत्र लिहून ठेवायचं. महिन्याच्या शेवटी ते सगळं फ्लॉपीवर माझ्याकडे यायचं. हजारो ओळी. कार्डाचा नंबर, तारीख, वेळ. कार्डाचा नंबर, तारीख, वेळ.

"यातून मला एवढंच शोधून द्या," कडोलीकर म्हणाले होते, "की एका तासात तीन किंवा जास्त वेळा कोण बाहेर जातं. सारखं बाहेर जाणारी बाई काहीतरी नेत असणार. आणि हो, शंभरच्या आतले नंबर सोडून द्या. ते ऑफिसर लोक."

मी ती ओळ घातली. नंबर शंभरपेक्षा कमी असेल तर पुढे चल. एका ओळीचं काम. हात जराही अडखळला नाही माझा.

पहिल्यांदा मी घड्याळातले तास धरले होते. नऊ ते दहा, दहा ते अकरा. यादी छापली आणि चार दिवसांनी रस्त्यानं चालताना एकदम ध्यानात आलं, की एखादी नऊ पन्नासला गेली, दहा पाचला गेली आणि दहा वीसला गेली, तर अर्ध्या तासात तीन वेळा जाऊनसुद्धा ती यादीत येत नाही! कुणी सांगितलं नव्हतं, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पण मी रविवारी कामावर जाऊन ते दुरुस्त केलं. सगळ्या ओळी आधी कार्डाप्रमाणे लावायच्या, मग वेळेप्रमाणे. मग प्रत्येक ओळीवरून तिच्यापुढच्या तिसऱ्या ओळीकडे बघायचं, म्हणजे स्वतःला धरून तिसऱ्या. दोघींमध्ये साठ मिनिटं किंवा कमी अंतर असेल तर नाव छापायचं. इतकं सोपं आणि इतकं नेमकं झालं ते, की मी घरी जाऊन आईला सांगितलं. आईला त्यातलं काही कळलं नाही, पण तिनं त्या दिवशी शिरा केला.

तर या दुरुस्त केलेल्या प्रोग्रॅममधून ४१७ वर आला होता.

"बोलावलंय तिला," कडोलीकर खुर्ची ओढत म्हणाले. "तुम्ही बसा इथंच. कॉम्प्युटरची साक्ष लागेल."

ती आली. अनुसया मगदूम. बत्तीस-तेहतीसची असेल. हिरवं लुगडं, केसांचा घट्ट अंबाडा, बोटांना खळ लागलेली. दारातच थांबली. थंड खोलीत यायला बायका बिचकत असत.

"हे कार्ड तुझं?" कडोलीकरांनी तिच्या गळ्याकडे बोट केलं, पण गळ्यात कार्ड नव्हतं. "कुठाय कार्ड?"

तिनं मुठीतलं कार्ड पुढे केलं.

"गळ्यात घालायचं असतं, मुठीत नाही. नंबर काय?"

"चारशे सतरा."

"तुझंच ना?"

"व्हय. माझंच हाय."

"महिन्याभरात एकसष्ट दिवशी... छे, एकसष्ट वेळा तू तासाला तीन-तीनदा बाहेर गेलीस. काय करत होतीस बाहेर?"

ती बोटांवरची खळ खरवडत राहिली.

"तांब्याची तार कुठं टाकतेस? कंपाउंडच्या पलीकडं कोण उभं असतं?"

आता तिनं मान वर केली. "साहेब, मी खोकी भरती. माझ्या टेबलावर पुठ्ठं असत्यात. तांबं पार तिकडच्या टोकाला. मी कशाला नीऊ तांबं?"

"मग बाहेर काय तुझं लगीन होतं?"

तिनं पुन्हा मान खाली घातली. मला तिचा राग आला. सांगून टाकावं ना काय ते! पोट बिघडलं असेल, आजार असेल, काही असेल. मी म्हटलं, "अगं, तब्येत बरी नसते का तुझी? तसं असेल तर सांग. साहेब ऐकतील."

तिनं माझ्याकडे बघितलं. वर्षं झाली, पण ती नजर मी विसरले नाही. त्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. एखाद्या लहान मुलानं भलतंच विचारावं आणि मोठ्या माणसानं त्याला काय सांगायचं म्हणून सोडून द्यावं, तशी ती नजर होती.

"तब्येत बरी हाय, बाई," ती म्हणाली.

"ऐकलंत?" कडोलीकरांनी तिचं कार्ड टेबलावर आपटलं. "हे आता माझ्याकडं राहील. सोमवारी अकरा वाजता सरनोबत साहेबांसमोर यायचं. येताना राजीनामा लिहून आण. आणलास तर गपगुमान जाशील. नाही आणलास तर चोरी लावून काढीन आणि मग कुपवाडातल्या एका गेटातून आत घेणार नाहीत तुला. पुढल्या महिन्यात कायम व्हायची होतीस ना? बघ म्हणजे."

ती गेली. जाताना दार हलक्या हातानं लावून गेली. कडोलीकर हसले. "पक्की आहे. पण तुमच्या प्रोग्रॅमपुढं कोण टिकतंय!"

शनिवारी सकाळी मी पुन्हा तो कागद घेऊन बसले. संशय आला होता म्हणून नव्हे. सोमवारी मोठ्या साहेबांसमोर जायचं होतं, आपलं काम नीटनेटकं दिसावं म्हणून. यादीत नुसते नंबर, नावं आणि बेरजा होत्या. मी ठरवलं, ४१७ च्या सगळ्या वेळा छापून सोबत जोडू.

छापल्या. वाचायला लागले.

दहा वाजून चार मिनिटं. दहा वाजून सहा मिनिटं. दहा वाजून नऊ मिनिटं. मग दहा एकवीस, दहा तेवीस.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. दहा चारला बाहेर गेलेली बाई दहा सहाला पुन्हा बाहेर जायची, तर मधल्या दोन मिनिटांत तिनं परत यायला हवं. माझ्या प्रोग्रॅमनं साठ मिनिटांचं अंतर बघितलं होतं. दोन मिनिटांचं अंतर कसं काय असू शकतं, हे त्यानं विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

मनगटावरचं घड्याळ बघत मी बायकांच्या हॉलच्या दारापासून चालायला लागले. चौदा वर्षांत त्या बाजूला मी कधी गेले नव्हते. आमच्या खोलीला लागून ऑफिसची वेगळी सोय होती. पांढऱ्या फरशा, कडी, साबण. बायकांची सोय कुठे आहे हेही मला एका शिपायाला विचारावं लागलं. बोळ ओलांडायचा, चार पायऱ्या उतरायच्या, उन्हातून मागच्या अंगणात जायचं, बॉयलरच्या पलीकडे. एकशे साठ पावलं. दोन संडास, एकाला कडी नाही, तिथं सुतळी बांधलेली. मी आत न थांबता तशीच परत फिरले. नुसतं जाऊन यायला तीन मिनिटं दहा सेकंद लागले, तेही मी झपझप चालले म्हणून.

हॉलचं दार ढकलून मी आत गेले. दाराशेजारी भिंतीला एका गॅस एजन्सीचं कॅलेंडर होतं आणि त्याच्या जरा खाली एक रिकामा खिळा. खिळ्याभोवतीचा चुना घासून गुळगुळीत झाला होता. रोज शंभर वेळा हात लागतो, तशी ती जागा दिसत होती.

मे महिन्याची सकाळ, वर पत्रा. अठ्ठेचाळीस बायका माना खाली घालून काम करत होत्या. कोपऱ्यात पाण्याचा मोठा माठ होता, त्यावर पेला पालथा. पेला कोरडा होता. मी झाकण उचललं. माठ काठोकाठ भरलेला, अकरा वाजले तरी कुणी घोटभर पाणी काढलं नव्हतं.

"पाणी पीत नाही का कुणी?" मी विचारलं.

तपासणीच्या टेबलावरची एक वयस्क बाई म्हणाली, "पाणी प्यालं की जावं लागतंय, बाई."

या छबूताई वायदंडे. हॉलमध्ये सगळ्यात जुन्या. ओठांवर सालं निघाली होती त्यांच्या.

"मग जा की. कार्ड आहे ना गळ्यात?"

"हाय की." त्यांनी गळ्यातलं कार्ड काढलं, उठून दाराशी गेल्या आणि माझ्यासमोर यंत्राच्या फटीतून ओढलं. दार जागचं हललं नाही. पुन्हा ओढलं, उलटं करून ओढलं. "झालं? बघितलासा?"

"बिघडलंय?"

"माझं, हिचं, तिचं. मधल्या टेबलावर सगळ्यांचं. हितं कॉइल भारून बघायची असती. वाकलं की कार्ड कॉइलवर लोंबतंय. आठ दिवसांत मुकं होतंय त्ये."

ते मला लगेच कळलं. त्या काळ्या पट्टीवरचं लिखाण चुंबकाचंच असतं. भारलेल्या कॉइलजवळ नेलं की पुसणारच. माझ्या खोलीत फ्लॉपीजवळ साधा चुंबक येऊ नये म्हणून मी किती जपत असे! इथे या बायकांच्या गळ्यात ती पट्टी घालून त्यांना दिवसभर चुंबकावर वाकायला बसवलं होतं, आणि ते यंत्र आणणाऱ्याला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"मग नवं मागायचं ना!"

"मागितलं की. पयल्या म्हैन्यात तिघींनी मागितलं. तिघींना मेमो. निष्काळजीपणा केला म्हणून. तीन मेमो झालं की घरी. मग कोण मागतंय?"

माझी नजर त्या खिळ्याकडे गेली. छबूताईंनी ते बघितलं आणि आवाज खाली आणला.

"अनुसयाचं टेबल लांब. तिकडं कॉइल न्हाई, पुठ्ठं. तिचं चालायचं. तीच म्हणाली, अडकवते हितं, जिला लागंल तिनं वढायचं, परत हितंच अडकवायचं आन् जायचं. काल दुपारपासनं कार्ड तुमच्या साहेबाकडं हाय. आता घंटा होईस्तवर बसायचं."

"तिनं हे सांगितलं का नाही मग? मी तिला विचारलं होतं!"

"सांगून? मग आमा सगळ्यास्नी मेमो. लबाडी केली म्हणून. तिनं आमास्नी बजावलंय, कुणी तोंड उघडायचं न्हाई. एक गेली तर एक गेली." मग त्या माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे बघत म्हणाल्या, "तुमीबी सांगू नका, बाई. हात जोडते."

पलीकडच्या टोकाला अनुसया पाठमोरी खोकी भरत होती. तिनं वळून बघितलं नाही.

मी खोलीत परत आले. आता एक वेगळा प्रोग्रॅम लिहिला. महिनाभरात एकदाही बाहेर न गेलेली कार्डं कुठली? दहा मिनिटांत कागद बाहेर आला. एकतीस नावं. कागदावर बघितलं तर एकतीस बायका दिवसाचे आठ तास, महिन्याचे सव्वीस दिवस, जेवणाची सुट्टी सोडली तर एकदाही लघवीला गेल्या नव्हत्या! हे माझ्या समोर होतं. सबंध महिना माझ्याच फ्लॉपीवर होतं. मला फक्त जास्त जाणाऱ्या शोधायला सांगितल्या होत्या म्हणून मी जास्त जाणाऱ्याच शोधल्या, आणि वर शिरा खाल्ला.

मग मी ती एक ओळ काढली. शंभरच्या आतले सोड, ती. पुन्हा चालवला. ४१७ च्या खाली नवा आकडा आला. ७. तेवीस वेळा. सात नंबरचं कार्ड कडोलीकरांचं. बायकांच्या हॉलमधून मागच्या व्हरांड्यात जवळची वाट होती. साहेब तिथे सिगारेट ओढायला जायचे.

सोमवारी अकरा वाजता आम्ही सरनोबत साहेबांच्या केबिनमध्ये होतो. सरनोबत फॅक्टरी मॅनेजर. गोरेपान, मऊ बोलणारे, समोरच्याला नेहमी चहा विचारणारे. अनुसया दाराशी उभी होती, तिला कुणी बस म्हटलं नाही. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता. राजीनामा आणला होता तिनं. कुणाकडून तरी लिहून घेतला असावा.

"चोरीचं प्रकरण आहे, सर," कडोलीकरांनी सुरुवात केली.

"कसली चोरी?"

"तांब्याची तार, सर."

"अहो, ते तर मार्चमध्येच मिटलं," सरनोबत चहात साखर ढवळत म्हणाले. "स्टोअरच्या काट्यातच खोट निघाली. तार कमी नव्हतीच. तुम्हाला कळवलं होतं की."

मी कडोलीकरांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"हो सर, पण यंत्र बसवलंच आहे तर उपयोग करायला नको? तार नसेना का, शिस्त तर आहे. या बायकांना सारखं बाहेर लागतं. एकसष्ट वेळा, सर!"

दोन महिने! या माणसाला दोन महिने ठाऊक होतं की चोरी झालेलीच नाही. आणि शुक्रवारी माझ्यासमोर त्यानं त्या बाईला विचारलं होतं, तार कुठं टाकतेस. मला साक्षीला बसवून.

"सर," मी म्हटलं, "नियम सगळ्यांना असेल तर दोन नंबरला सात क्रमांकाचं कार्ड आहे. तेवीस वेळा." मी कागद पुढे सरकवला.

सरनोबतांनी बघितलं, कडोलीकरांकडे बघितलं आणि खळखळून हसले. "कडोलीकर, सिगारेटी कमी करा हो! निमकरबाई, अहो ते ऑफिसर आहेत. ऑफिसर लोकांचं कुणी मोजतं का?"

दोघंही हसले. चहा पीत हसले. मी लिहिलेलीच ती ओळ, आता मला तोंडावर ऐकायला मिळत होती.

मी दुसरा कागद काढला. "मग हे बघा. दहा चार, दहा सहा, दहा नऊ. मी स्वतः चालून बघितलंय. जाऊन यायला निदान तीन मिनिटं लागतात. एकाच बाईनं हे केलं असणं शक्य नाही."

सरनोबतांनी कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे हिनं कार्ड दुसऱ्यांना दिलं!" कडोलीकर टेबलावर पुढे झुकले. "बरोबर आहे, सर! टोळी आहे ही. सगळ्यांना मेमो द्यायला पाहिजे."

अनुसयाच्या हातातला कागद चुरगळल्याचा आवाज मला ऐकू आला. एकतीस नावांचा कागद माझ्या पर्समध्ये होता. पर्स मांडीवर होती आणि मी तिच्यावर दोन्ही हात गच्च दाबून धरले होते.

"दुसऱ्या कशाला घेतील हिचं कार्ड?" मी शक्य तितक्या सावकाश विचारलं. "प्रत्येकीकडे स्वतःचं आहे. सगळी कार्डं व्यवस्थित चालू आहेत, एकाही बाईची तक्रार नाही, असं एप्रिलच्या अहवालात कडोलीकर साहेबांनीच लिहिलंय. टाइप माझ्याच खोलीत झालाय तो. का साहेब, चालू आहेत ना कार्डं?"

कडोलीकर घुटमळले. "चालू आहेत. सगळी चालू आहेत."

"मग यंत्र चुकीच्या वेळा लिहीत असेल."

"यंत्र?" ते उसळले. मोठ्या साहेबांसमोर त्यांनीच त्या यंत्राची महिनाभर स्तुती केली होती. "यंत्रात काही दोष नाही! मुंबईला चार ठिकाणी बघून आणलंय मी."

"कार्डं बरोबर, यंत्र बरोबर," सरनोबत म्हणाले. "मग राहिलं काय?"

कडोलीकर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या ध्यानात येत होतं की एकच दार उघडं आहे, आणि ते मीच त्यांच्यासाठी उघडून धरलंय. का धरलंय, ते मात्र त्यांना उमगत नव्हतं.

"प्रोग्रॅम," ते अखेर म्हणाले. "प्रोग्रॅममध्येच घोटाळा असणार, सर."

"असेल," मी म्हटलं.

"असेल काय, आहे! तसं लिहून द्या."

मी लिहून दिलं. 'माझ्या प्रोग्रॅममधील चुकीमुळे कार्ड क्रमांक ४१७ बाबत खोटी माहिती छापली गेली.' खाली सही केली, इंदुमती निमकर. चौदा वर्षांत माझ्या कुठल्याही बिलात एका पैशाची चूक निघाली नव्हती. तो कागद पुढे माझ्या फाइलला लागला, आणि खात्याचं प्रमुखपद पुण्याहून आलेल्या एका मुलाला मिळालं, ज्याला साधं सॉर्ट करायला मी शिकवलं. त्याचंही मला दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही. झालं.

"जा बाई कामावर," सरनोबत अनुसयाला म्हणाले आणि तिचं कार्ड टेबलावरून सरकवलं. "कॉम्प्युटरचं असंच असतं. मनाला लावून घेऊ नकोस." तिला चहा तेव्हाही विचारला नाही.

दुपारी मी बायकांच्या हॉलमध्ये गेले. जमादार जेवणानंतर दार लावून गेला होता. अनुसयाचं कार्ड तिच्या गळ्यात होतं आणि खिळा रिकामाच होता. शहाण्या होत्या त्या. ४१७ पुन्हा अडकवलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

मी माझ्या गळ्यातलं कार्ड काढलं. नंबर २३. ऑफिसरचं कार्ड. शनिवारी या हॉलमधून बाहेर पडताना ओढलं तेवढं सोडलं, तर मला ते कधी कुठे लागलंच नव्हतं. माझ्या खोलीला यंत्र नव्हतं, ऑफिसच्या सोयीला यंत्र नव्हतं, कुठल्याच साहेबाच्या दाराला नव्हतं. नुसतं मिरवायला दिलेलं होतं. मी ते खिळ्याला अडकवलं.

हॉलमधले हात थांबले.

"हे काय, बाई?" छबूताईंनी विचारलं.

"हे कॉम्प्युटर मोजत नाही," मी म्हटलं. "मी त्याला तसं सांगून ठेवलंय."

कुणाला लगेच कळलं नाही. मग अनुसया टेबलावरून उठली, खिळ्याशी आली. कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शुक्रवारची ती नजर आता नव्हती.

"आन् साहेबानं इचारलं, निमकरबाईंच्या गळ्यात कार्ड का न्हाई, तर?"

"माझ्या गळ्याकडे कोण बघतंय! चव्वेचाळीस वर्षांची झाले."

आधी छबूताई हसल्या, मग सगळा हॉल हसला. अनुसयानं कोपऱ्यातल्या माठावरचा पेला उताणा केला, भरला आणि आधी माझ्यापुढे धरला. मी प्याले. मग तिनं तो छबूताईंना दिला.

प्रोग्रॅममध्ये मी एक अक्षर बदललं नाही. काढलेली ती एक ओळ तेवढी जागच्या जागी परत घातली. जूनच्या एक तारखेला यंत्राची फ्लॉपी आली, तिच्यात नव्या सोयीचे थोडेच दिवस होते, म्हणून प्रोग्रॅम दुरुस्त करतेय असं सांगून मी ती चालवलीच नाही. जुलैत आली ती सबंध महिन्याची. मी ती चालवली. कागद कर्रकर्र वाजत बाहेर आला. वर मी घातलेलं मथळ्याचं वाक्य, 'एका तासात तीन किंवा अधिक वेळा बाहेर गेलेले कर्मचारी', खाली रेघ, आणि रेघेखाली पांढरा कागद. तळाशी, 'एकूण नावे : ०'.

कडोलीकरांनी तो कागद मोठ्या साहेबांना नेऊन दाखवला. यंत्रामुळे बायकांना कशी शिस्त लागली ते सांगितलं. दिवाळीला त्याबद्दल त्यांचा सत्कार झाला, शाल-नारळ देऊन. टाळ्या वाजवायला हॉलमधल्या सगळ्या बायकांना बोलावलं होतं. अनुसया तोवर कायम झाली होती, पहिल्या रांगेत बसली होती. तिनं जोरात टाळ्या वाजवल्या.

तो कागद फाइलला लावायला माझ्याकडेच परत आला, तो अजून माझ्याकडे आहे. शाई उडत चालली आहे. पण कोऱ्या भागावर कडोलीकरांनी तांबड्या पेन्सिलीनं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 'उत्तम' अजून वाचता येतं.